सही करण्याआधी लायब्ररीचं लायसन्स वाचा

‘ताई, नमस्कार. फलटण भागात मी आणि माझा भाचा मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर, दर, कपाती, दहा दिवसांचं बिल, मराठीत छापील पावती, असं सगळं त्यात आहे. चाळीसेक केंद्रांवर ते चालू आहे. शेतकऱ्यांना मोबाइलवर बिल बघता यावं म्हणून एक वेब पोर्टलही केलंय. आता एका मोठ्या दूध संघाला हे सॉफ्टवेअर हवं आहे. त्यांच्या करारात एक कलम आहे: “सॉफ्टवेअरचा संपूर्ण सोर्स कोड पुरवठादाराच्या मालकीचा असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.” स्टॅम्प पेपरवर सही मागतात. आम्ही काही ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेले, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचे तयार कोडचे संच) वापरल्या आहेत. पीडीएफसाठी आयटेक्स्टशार्प ५, डेटाबेससाठी मायएसक्यूएलचा अधिकृत कनेक्टर आणि एनहायबरनेट, क्यूआर कोडसाठी झेडएक्सिंग, शिवाय न्यूटनसॉफ्टची जेसन लायब्ररी आणि मुक्ता फॉन्ट. सगळं फुकट मिळालंय आणि त्यांच्या कोडला आम्ही हातही लावलेला नाही. एक जण म्हणतात, त्यात जीपीएल नावाचं लायसन्स निघालं तर तुमचा सगळा कोड उघडा करावा लागेल. दुसरे म्हणतात, वेबवर चालवत असाल तर काहीच लागू होत नाही. सही करू का? आणखी एक. भाचा सोमवार ते शुक्रवार पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. त्याने रक्कम अक्षरी लिहिणारी छोटी मराठी लायब्ररी केली आहे, ती त्याला सर्वांसाठी खुली करायची आहे. तिला कोणतं लायसन्स लावावं?’

नमस्कार.

त्या कलमावर आहे तशी सही करू नका. त्यातलं विधान खरं नाही, आणि पत्र लिहिण्याइतपत शंका आली म्हणजे ते तुमच्याही लक्षात आलंय. पण म्हणून हे काम हातचं जाईल असंही नाही. दोन लायब्ररी बदलायच्या, एक सुटी ठेवायची, करारातलं एक वाक्य बदलून घ्यायचं आणि सोबत एक यादी जोडायची, एवढ्यावर हे निभावतं. थोडं काम पडेल, पण ते आत्ताच करा. संघाच्या शेकडो केंद्रांवर सॉफ्टवेअर गेल्यावर हेच काम डोंगराएवढं होईल.

आधी ‘फुकट’ या शब्दाचं बघू, कारण तुमच्या पत्रातला गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. ज्याने लिहिला त्याचा हक्क त्यावर आपोआप असतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला त्याच्या प्रती काढून वाटता येत नाहीत. लायसन्स म्हणजे ही परवानगी, आणि ती अटींसकट मिळते. पैसे घेतले नाहीत याचा अर्थ अटी नाहीत असा होत नाही. अमेरिकेत यावर एक गाजलेला खटला झाला. तिथल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी खेळातल्या रेल्वेसाठी जेएमआरआय नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर केलं होतं. दुसऱ्या एका कंपनीने त्यातल्या फाइली घेतल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी काढून टाकल्या. २००८ साली अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की सॉफ्टवेअर विनामूल्य दिलेलं असलं तरी त्याच्या लायसन्समधल्या अटी कॉपीराइट कायद्याने बजावता येतात. म्हणजे ‘नुकसान कुणाचं झालं, पैसे तर कुणीच मागितले नव्हते’ हा युक्तिवाद चालला नाही.

आता तुमची यादी घेऊ. न्यूटनसॉफ्टच्या लायब्ररीला एमआयटी लायसन्स आहे. झेडएक्सिंगच्या, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसाठी असलेल्या, आवृत्तीला अपाची २.० आहे. या दोन्ही बंद सॉफ्टवेअरमध्ये बिनधास्त वापरता येतात. अट इतकीच की लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तुमच्या सॉफ्टवेअरसोबत गेला पाहिजे. अपाचीत मूळ लेखकाने नोटीस नावाची फाइल दिली असेल तर तीही सोबत द्यायची. ‘आमच्याविषयी’ खिडकीत एक बटण ठेवा आणि तिथे हे मजकूर दिसू द्या. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ओपन सोर्स लायसन्सची लांबलचक यादी असते ना, ती याच अटीपायी असते. मुक्ता फॉन्ट मुंबईच्या एक टाइपने केला आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिला. सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो, पावतीत वापरता येतो, पावतीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही आणि त्याच्या लायसन्सची फाइल सोबत ठेवावी लागते. या तिघांचा विषय इथेच संपला.

एनहायबरनेट जरा वेगळ्या जातीचं आहे. त्याला एलजीपीएल २.१ आहे. हे लायसन्स मुळात लायब्ररींसाठीच काढलं गेलं. १९९१ मध्ये जीपीएलची, म्हणजे जोडलेला प्रोग्रॅमही खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सची, दुसरी आवृत्ती आली त्याच वेळी ‘लायब्ररी जीपीएल’ही आलं. १९९९ मध्ये त्याचं नाव बदलून ‘लेसर’ म्हणजे उणं जीपीएल असं करण्यात आलं. त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सी या प्रोग्रॅमिंग भाषेची आपली लायब्ररी एलजीपीएलखाली दिली, कारण तशा लायब्ररी बाजारात आधीच होत्या. ती जीपीएलखाली दिली असती तर लोकांनी दुसरी घेतली असती, इतकंच. टाइप केलेली ओळ दुरुस्त करू देणाऱ्या रीडलाइन या लायब्ररीच्या तोडीचं मात्र तेव्हा दुसरं काही नव्हतं, म्हणून ती मुद्दाम पूर्ण जीपीएलखाली ठेवली. ही लायब्ररी हवी असेल तर तुमचा प्रोग्रॅमही खुला करा, असा तो सौदा होता. तेव्हा लायब्ररीचं लायसन्स हा लेखकाने विचार करून घेतलेला निर्णय असतो, पॅकेजच्या पानावरचा एक कोपरा भरायचा म्हणून लिहिलेला मजकूर नसतो.

एलजीपीएल तुम्हाला असं सांगतं की तुमचा स्वतःचा कोड बंद ठेवा, पण ज्याला तुम्ही सॉफ्टवेअर दिलंत त्याला आमची लायब्ररी बदलून तिची सुधारलेली आवृत्ती तुमच्या प्रोग्रॅमसोबत चालवता आली पाहिजे. एनहायबरनेटचं डीएलएल (लायब्ररीची तयार फाइल) वेगळी फाइल म्हणून फोल्डरमध्ये असेल तर हे सहज जमतं. पण पेनड्राइव्हवरून केंद्रावर नेणं सोपं जावं म्हणून अनेक जण सगळी डीएलएल एकाच ईएक्सईत, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या फाइलीत, गुंडाळून टाकतात. तुम्हीही तसं करत असाल तर थांबवा. गुंडाळल्यावर ग्राहकाला ती लायब्ररी सुटी काढून बदलता येत नाही, आणि मग तुमच्यावर प्रोग्रॅमचे वेगळे तुकडे पुरवण्याची जबाबदारी येते. दुसरी जागा तुमच्या ग्राहक कराराची. ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ हे वाक्य, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून आतली रचना बघायला बंदी, त्यात सरसकट असेल तर ते एलजीपीएलच्या सहाव्या कलमाशी भिडतं. लायब्ररीत केलेले बदल तपासण्यापुरती तरी ती मुभा ग्राहकाला द्यावीच लागते. त्या वाक्यापुढे ‘एलजीपीएल लायब्ररींच्या बाबतीत त्यांच्या लायसन्सने दिलेली मुभा वगळून’ एवढं जोडा. शिवाय लायब्ररीचं नाव, लायसन्सचा मजकूर आणि तिचा सोर्स कुठे मिळेल तेही द्या. एवढं केलंत की एनहायबरनेट राहू द्यायला हरकत नाही.

मायएसक्यूएलचा कनेक्टर, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी, मात्र जीपीएल २ खाली आहे. मायएसक्यूएलची मालक कंपनी ओरॅकल तोच कनेक्टर पैसे घेऊन वेगळ्या लायसन्सनेही देते. त्याच्या जीपीएलला एक सवलत जोडलेली आहे, पण ती दुसऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमसाठी. बंद सॉफ्टवेअरला तिचा उपयोग नाही. ‘आम्ही कोडला हात लावलेला नाही’ हा मुद्दा इथे लंगडा पडतो. लायब्ररीत बदल केला की नाही हे जीपीएल विचारतच नाही. तुमचा प्रोग्रॅम आणि ती लायब्ररी एकत्र जोडून एकच काम उभं राहतं का, आणि त्याची प्रत तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता का, एवढंच ते बघतं. तुमचा प्रोग्रॅम कनेक्टरची फंक्शन्स आपल्याच प्रोसेसमध्ये बोलावतो, आणि तो संच तुम्ही चाळीस केंद्रांवर बसवला आहे. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अशा वेळी संपूर्ण प्रोग्रॅमला जीपीएल लागू होतं. यावर वाद घालणारे वकील आहेत, पण छोट्या व्यवसायाने तो वाद आपल्या खर्चाने लढावा असं मला अजिबात वाटत नाही. विशेषतः उपाय इतका सोपा असताना. मायएसक्यूएलकनेक्टर नावाचीच, प्रोग्रॅमरांच्या समूहाने स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी लायब्ररी आहे, तिला एमआयटी लायसन्स आहे. नावं जवळजवळ सारखी असल्यामुळे पॅकेज घेताना नीट बघून घ्या. कोडमध्ये नेमस्पेस (लायब्ररीला हाक मारायचं नाव) बदलणं, काही सेटिंग तपासणं आणि सगळ्या चाचण्या पुन्हा चालवणं, एवढं काम आहे.

मायएसक्यूएलचा सर्व्हर हाही जीपीएल आहे, पण तो वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो आणि तुमच्याशी नेटवर्कवरून बोलतो, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी ठेवल्याने एकाचं लायसन्स दुसऱ्याला लागत नाही, हे जीपीएलमध्येच म्हटलं आहे. मात्र सर्व्हरची प्रत तुम्ही स्वतः तुमच्या इन्स्टॉलरमधून देत असाल तर त्या प्रतीपुरत्या जीपीएलच्या अटी तुम्हाला लागू होतात. सोर्स उपलब्ध करून देणंही त्यात आलं, मग एक अक्षर बदललेलं नसो. केंद्राने सर्व्हर अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावा, हे बरं. आणि एकाच संगणकावर चालणाऱ्या छोट्या केंद्राला मायएसक्यूएल लागतंच का, याचाही विचार करा. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस सार्वजनिक मालकीचा आहे, त्याला कसलीच अट नाही.

‘सगळा कोड उघडा करावा लागेल’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुणी येऊन तुमचा कोड हिसकावून घेत नाही. अट मोडली तर वाटपाची परवानगी संपते आणि पुढची प्रत दिली की कॉपीराइटचा भंग होतो. मग तुमच्यापुढे वाटा असतात: ती लायब्ररी काढणं, मालकाकडून वेगळं लायसन्स विकत घेणं, किंवा आपला प्रोग्रॅम त्याच लायसन्सखाली खुला करणं. निवड तुमची. १९९२ मध्ये जर्मनीतले ब्रूनो हाइबल यांच्यासमोर हाच प्रश्न आला होता. लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी केलेल्या त्यांच्या क्लिस्प या सॉफ्टवेअरमध्ये रीडलाइन वापरली होती. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला. हाइबल यांनी असं सुचवून पाहिलं की क्लिस्प रीडलाइनशिवाय वाटू, तिच्या जागी एक पोकळ लायब्ररी देऊ, ज्याला हवं तो खरी रीडलाइन जोडून घेईल. स्टॉलमन यांना ते मान्य नव्हतं. शेवटी हाइबल यांनी क्लिस्पच जीपीएलखाली आणलं. त्या पत्रव्यवहाराची नोंद आजही क्लिस्पच्या सोर्ससोबत मिळते. पुढे काही वर्षांत रीडलाइनला बीएसडी या मोकळ्या लायसन्सचा पर्यायही तयार झाला.

आता पीडीएफकडे येते. तुमची खरी जोखीम तिथेच आहे.

आयटेक्स्ट आधी एलजीपीएल आणि मोझिला लायसन्सखाली मिळत असे. २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएल ३ या आणखी कडक लायसन्सवर गेलं. डॉटनेटच्या बाजूला ४.१.६ ही जुन्या लायसन्सची शेवटची आवृत्ती. गंमत म्हणजे पॅकेज अपडेट करण्याचं बटण दाबताना नाव तेच राहतं, कोड जवळजवळ तोच चालतो, आणि लायसन्स मात्र बदललेलं असतं. लायसन्स आवृत्तीला चिकटलेलं असतं, लायब्ररीच्या नावाला नाही. तुमच्या यादीत प्रत्येक नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहा असं म्हणते ते यासाठीच.

जीपीएल आणि एजीपीएल यांत फरक एका कलमाचा आहे, पण तोच तुमच्या पोर्टलला लागतो. जीपीएलची अट प्रत दुसऱ्याच्या हातात दिली की सुरू होते. सर्व्हरवर चालवून लोकांना फक्त सेवा दिली तर ती सुरू होत नाही. ‘वेबवर काही लागू होत नाही’ असं तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते जीपीएलबद्दल बरोबर आहे. हीच फट बुजवण्यासाठी २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एजीपीएल ३ आलं. त्याचं तेरावं कलम म्हणतं की प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळण्याची सोय हवी. ‘पण आम्ही बदलच केला नाही’ असं तुम्ही इथे पुन्हा म्हणाल. मात्र लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून जे तयार होतं, तेच सुधारित आवृत्तीत मोडतं असा अर्थ लावला जातो, आणि आयटेक्स्ट विकणारी कंपनी उघडपणे हाच अर्थ धरते: बंद प्रोग्रॅममध्ये वापरायचं असेल, वेबवरसुद्धा, तर आमचं व्यावसायिक लायसन्स घ्या. मोबाइलवर बिल उघडणारा तुमचा प्रत्येक शेतकरी म्हणजे नेटवर्कवरून वापरणारा माणूस. आणि केंद्रांवर बसवलेल्या प्रतींना तर हा प्रश्नसुद्धा नाही, तिथे सरळ वाटप झालेलं आहे.

पीडीएफच्या बाबतीत कोर्टापर्यंत गेलेलं एक प्रकरण आहे. दक्षिण कोरियातल्या हॅन्कॉम या ऑफिस सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने आपल्या उत्पादनात घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारं सॉफ्टवेअर वापरलं. घोस्टस्क्रिप्टही असंच दुहेरी लायसन्सने मिळतं: सोर्स खुला ठेवणार असाल तर विनामूल्य, नाहीतर पैसे. हॅन्कॉमने दोन्ही केलं नाही, असा मालक कंपनी आर्टिफेक्सचा आरोप होता. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने २०१७ च्या एप्रिलमध्ये दावा फेटाळून लावण्याची हॅन्कॉमची मागणी नाकारली. कॉपीराइटचा भंग आणि कराराचा भंग असे दोन्ही दावे पुढे चालू राहिले, आणि त्याच वर्षी प्रकरण तडजोडीत मिटलं. दुहेरी लायसन्स देणाऱ्या कंपनीला नुकसानीचा आकडा मांडणं सोपं जातं, कारण तिचं दरपत्रक तयारच असतं.

तेव्हा आयटेक्स्टशार्प ५ काढा. ४.१.६ वर परत जाण्याचा मोह होईल, कारण काही ओळी बदलल्या की काम झालं. लायसन्सच्या दृष्टीने ते चालेल, पण इतकी जुनी, सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारी लायब्ररी इंटरनेटवर असलेल्या पोर्टलमध्ये ठेवा असं मी सांगणार नाही. क्वेस्टपीडीएफ ही दुसरी लायब्ररी चांगली आहे, पण २०२३ पासून तिचंही लायसन्स बदललं आहे. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ती विकत घ्यावी लागते. तुम्ही त्या मर्यादेत नक्कीच बसता. दूध संघ बसत नसेल. म्हणून लायसन्स वाचून, ते तुमच्या नावाने पुरतं की संघाला वेगळं लागतं, हे आधी विचारून घ्या.

मला विचाराल तर पीडीएफ काढायला स्कियाशार्प आणि त्याच्या जोडीला अक्षरं जुळवणारी हार्फबझशार्प घ्या. दोन्हींना एमआयटी आहे. यात तुमचा दुसराही फायदा आहे. देवनागरीत अक्षरं लिहिली त्याच क्रमाने एकापुढे एक मांडून चालत नाही. ‘लिटर’ हा तुमच्या पावतीवर रोज हजारो वेळा येणारा शब्द घ्या. टाइप करताना आधी ‘ल’ येतो आणि मग वेलांटी, पण कागदावर वेलांटी ‘ल’च्या डावीकडे उमटली पाहिजे. ही जुळवणी न करणाऱ्या लायब्ररीतून वेलांटी भलत्याच अक्षराला लागलेली, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडलेली, अशी पावती निघते. ही जुळवणी करण्याचं काम हार्फबझशार्पच्या पोटातली हार्फबझ ही मूळ लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत मराठी मजकूर नीट दिसतो तो याच लायब्ररीमुळे. तिच्या लेखकांनी इतकं मोकळं लायसन्स निवडलं नसतं तर ती इतक्या ठिकाणी पोचली नसती. तुमच्यासारख्या छोट्या व्यवसायाला जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने तेच साधन हाताशी मिळतं, याचं मोल मला फार वाटतं.

आधी वाटलेल्या प्रतींचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न आहेच. एजीपीएल ३ च्या आठव्या कलमात दुरुस्तीची वाट ठेवलेली आहे. भंग थांबवला की परवानगी तात्पुरती परत मिळते, आणि थांबवल्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने नोटीस दिली नाही तर ती कायम होते. त्या हक्कधारकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तरीही हक्क कायमचे परत मिळतात. जीपीएल २ मध्ये अशी वाट लिहिलेली नाही, भंग झाला की परवानगी आपोआप संपते. म्हणून कनेक्टर आधी बदला. नवी आवृत्ती सगळ्या केंद्रांवर बसवा, पोर्टलच्या डाउनलोड पानावरचे जुने इन्स्टॉलर काढा, केंद्राच्या संगणकांवर पडून राहिलेले जुने फोल्डरही काढून घ्या, आणि कोणत्या केंद्रावर कोणत्या तारखेला बदल झाला याची नोंद ठेवा. संघाशी करार मोठ्या रकमेचा असेल तर कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा ही नोंद आणि यादी दाखवा.

आणखी एक रस्ता आहे आणि तो मी नुसता नावापुरता सांगत नाहीये. सगळं सॉफ्टवेअरच एजीपीएलखाली खुलं करण्याचा. मुंबईच्या फ्रापे कंपनीने हिशेबाचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली दिलंय, आणि ज्यावर ते उभं आहे ते फ्रापे फ्रेमवर्क एमआयटीखाली. कमाई होते ती होस्टिंग आणि सेवेतून. तुमचंही उत्पन्न खरं तर केंद्रावर जाऊन बसवून देणं, दरपत्रक बदललं की त्याच दिवशी सुधारणा करणं आणि सचिवांचा पहाटे आलेला फोन उचलणं यातूनच येत असणार. तरी आयटेक्स्टच्या अटीने ढकललं म्हणून हा निर्णय घेऊ नका. पुढे कधी घ्यायचा तर स्वतःच्या इच्छेने घ्या.

आता ते कलम. संघाला मजकूर असा सुचवा: ‘आम्ही स्वतः लिहिलेला सोर्स कोड आमच्या मालकीचा आहे. सोबतच्या परिशिष्टात नोंदवलेल्या त्रयस्थ लायब्ररी त्यांच्या त्यांच्या लायसन्सखाली वापरल्या असून त्या लायसन्सच्या अटी आम्ही पाळल्या आहेत.’ परिशिष्टात नाव, आवृत्ती, लायसन्स आणि मूळ ठिकाण असे चार रकाने करा. तुम्ही सांगितलेली सहाच नावं त्यात घालून भागणार नाही. एनहायबरनेट स्वतःबरोबर आणखी पॅकेज आणतं, स्कियाशार्पच्या पोटात मूळ स्किया आहे. डॉटनेटची पॅकेज यादी काढणारी आज्ञा ट्रान्झिटिव्ह पर्यायासह चालवलीत की सोबत आलेली पॅकेजही दिसतील. इकडून तिकडून उचललेले कोडचे तुकडेही आठवून बघा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरच्या उत्तरांना क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय देण्याची आणि त्याच लायसन्सने पुढे देण्याची अट असलेलं लायसन्स असतं. संघाचे लोक ‘ओपन सोर्स’ शब्द बघून बिचकले तर त्यांना सांगा की केंद्र सरकारनेच २०१५ साली आपल्या कामकाजात ओपन सोर्स वापरण्याचं धोरण जाहीर केलंय. अशी यादी देणारा पुरवठादार त्यांना दुसरा क्वचितच भेटला असेल.

‘आम्ही स्वतः लिहिलेला कोड आमचा’ या वाक्यातही एक अडचण लपली आहे, ती भाच्याच्या नोकरीची. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असं कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं. शनिवार-रविवारी घरच्या संगणकावर दुधाच्या हिशेबाचं केलेलं काम त्यात सहसा येणार नाही. पण आयटी कंपन्यांची नेमणूक पत्रं याहून बरीच लांब जातात. नोकरीच्या काळात केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीची, बाहेरचं काम परवानगीशिवाय करायचं नाही, असं त्यांत लिहिलेलं असतं. त्याला ते पत्र काढून वाचायला सांगा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी संमती घ्यायला सांगा. हे संघाशी सही करण्याआधी व्हायला हवं. कंपनीच्या लॅपटॉपवर या कामाची एक ओळही यापुढे लिहू नये.

त्याच्या लायब्ररीबद्दल वाचून मला खूप बरं वाटलं. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत आलेला नियम ‘नव्याण्णव’ला मोडतो. इंग्रजीच्या साच्यातून केलेले प्रोग्रॅम इथे हमखास चुकतात, आणि मग पतसंस्थेच्या पावतीवर, सोसायटीच्या धनादेशावर वाचवत नाही असं काहीतरी छापलं जातं. हे काम सगळीकडे पोचणं महत्त्वाचं. म्हणून तिला एमआयटी लावा. सुधारणा परत मिळाव्यात असा आग्रह असेल तर मोझिला पब्लिक लायसन्स २.० बघा. त्यात फक्त लायब्ररीच्या फाइलींत केलेले बदल खुले करावे लागतात, वापरणाऱ्याचा बाकीचा कोड मोकळा राहतो. जीपीएल इथे लावू नये असं माझं मत आहे, आणि त्याला एक चांगला दाखला आहे. ऑग व्हॉर्बिस या आवाजाच्या फॉर्मॅटची लायब्ररी २००१ मध्ये एलजीपीएलवरून बीएसडी पद्धतीच्या लायसन्सवर नेली, तेव्हा खुद्द स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला होता. पेटंटच्या कचाट्यातल्या एमपी३ ला खुला पर्याय सर्वत्र पसरणं त्यांना त्या वेळी जास्त मोलाचं वाटलं. अक्षरी रकमेचं तसंच आहे. ती दूध संघाच्या बंद सॉफ्टवेअरमध्येही बरोबर छापली जावी आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही.

कंपनीची संमती आली की लायसन्सचा पूर्ण मजकूर एका फाइलीत घालून ती मूळ फोल्डरमध्ये ठेवा. वर्ष आणि भाच्याचं नाव त्यात असू द्या, आणि पहिली आवृत्ती तिच्यासकटच प्रसिद्ध करा. आधी कोड टाकू, लायसन्स नंतर बघू, असं करू नका. लायसन्स नसलेला कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसत असला तरी तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याची परवानगी कुणालाच नसते, अगदी तुम्हालाही नाही.